विश्लेषण : बॅरलमधले डिझेल किती महिने टिकते? ट्रॅक्टरमध्ये ओतण्याआधी काय तपासावे?

१ आणि २ जानेवारी २०२४ रोजी राज्यभरातल्या पेट्रोल पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या होत्या. हिट अँड रन प्रकरणांतील शिक्षेच्या नव्या तरतुदीविरोधात वाहनचालकांनी काम बंद केले, मनमाडजवळच्या पानेवाडी येथील इंधन डेपोतून टँकर बाहेर पडेनात आणि अनेक पंपांवर ‘डिझेल संपले’चे फलक लागले. दोनच दिवसांत पुरवठा पूर्ववत झाला. पण घरी एखादे बॅरल डिझेल असलेले बरे, हा शेतकऱ्यांचा जुना विचार त्या दोन दिवसांत आणखी पक्का झाला. पंप गावापासून दूर असतो, पेरणीच्या घाईत तिथे जायला वेळ नसतो, पावसाळ्यात रस्ते बंद पडतात. त्यामुळे साठा करण्यामागची कारणे खरी आहेत.

अडचण नंतर सुरू होते. मार्चमध्ये भरलेले बॅरल जूनमध्ये उघडले जाते. पाऊस पडतो, वाफसा येतो, पेरणीला जेमतेम तीन-चार दिवस मिळणार असतात आणि नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर शेताच्या मध्यावर ‘मिसिंग’ करू लागतो. फिल्टर बदलला तरी दोन तासांत पुन्हा तेच. दोष बहुतेकदा इंजिनात नसून बॅरलमध्ये असतो. साठवलेले डिझेल नेमके कशामुळे बिघडते, ते वापरण्याजोगे आहे का हे घरच्या घरी कसे ओळखायचे आणि कायद्याने किती साठा ठेवता येतो, त्याविषयी...

डिझेलला ‘एक्स्पायरी’ असते का?

दुधाच्या पिशवीसारखी ठरावीक तारीख नसते. पण आयुष्य नक्कीच असते. तेल उद्योगातील सर्वसाधारण ठोकताळा असा की, स्वच्छ, कोरड्या आणि बंद टाकीत २० अंश सेल्सिअसच्या आसपास डिझेल वर्षभर सहज टिकते. तापमान सतत ३० अंशांच्या वर राहिले तर हा काळ ६ ते १२ महिन्यांवर येतो. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त उकडते. त्यामुळे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने सहा महिन्यांच्या खालचाच हिशेब धरावा आणि दोन-तीन महिन्यांत साठा संपेल असे नियोजन करावे, हे उत्तम.

हा काळ डिझेल स्वच्छ आणि कोरडे असेल तरच लागू होतो. बॅरलमध्ये पाणी शिरले तर काही आठवड्यांतच खेळ बिघडू शकतो.

डिझेल बिघडते म्हणजे नेमके काय होते?

तीन वेगवेगळ्या गोष्टी घडतात. त्या एकमेकींना मदतही करतात.

पहिली ऑक्सिडेशनची. डिझेल हे अनेक हायड्रोकार्बनचे मिश्रण आहे. त्यातले काही घटक हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावतात आणि त्यातून डिंकासारखा चिकट पदार्थ आणि बारीक गाळ तयार होतो. उष्णता आणि उजेड या क्रियेचा वेग वाढवतात. तांबे, पितळ आणि जस्त यांच्या संपर्कातही ती वेगाने होते. म्हणूनच जस्ताचा मुलामा दिलेल्या, म्हणजे जीआय पत्र्याच्या टाकीत डिझेल साठवू नये, असे सांगितले जाते.

दुसरी पाण्याची. पाणी डिझेलपेक्षा जड असते, त्यामुळे ते तळाशी बसते. थोडेसे पाणी डिझेलमध्ये विरघळून राहू शकते. भारतीय मानकानुसार डिझेलमध्ये पाण्याचे प्रमाण प्रतिकिलो २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. २०० लिटरच्या बॅरलचा हिशेब केला तर हे पाणी जेमतेम ३३ ग्रॅम भरते, म्हणजे दोन मोठे चमचे. मर्यादा किती बारीक आहे, ते यावरून कळावे.

तिसरी गोष्ट जिवाणू आणि बुरशीची. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात त्या सीमेवर हे जीव वाढतात. पाण्यात राहायचे आणि डिझेल खायचे, असा त्यांचा क्रम असतो. ‘हॉर्मोकोनिस रेझिनी’ ही बुरशी तर इंधन टाक्यांमधल्या वाढीसाठीच प्रसिद्ध आहे. या जीवांमुळे तपकिरी-काळा, शेवाळासारखा बुळबुळीत थर तयार होतो, आम्ल तयार होते, टाकी आतून गंजते आणि फिल्टर चोंदतो. पाणी नसेल तर हे जीव वाढूच शकत नाहीत. म्हणजे तीनपैकी सर्वात मोठा शत्रू पाणी हाच.

बंद बॅरलमध्ये पाणी येते कुठून?

‘हवेतल्या बाष्पाचे पाणी होते’ हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच.

समजा, बॅरल अर्धे रिकामे आहे. आत साधारण १०० लिटर हवा आहे. दिवसा तापून ती प्रसरण पावते, रात्री आकसते आणि बूच पुरते घट्ट नसेल तर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. दिवस-रात्रीच्या तापमानात १५ अंशांचा फरक धरला तर रोज सुमारे पाच लिटर हवेची ये-जा होते. पावसाळी दमट हवेत दर घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम बाष्प असू शकते. त्या हिशेबाने रोज फार तर दीडशे मिलिग्रॅम आणि चार महिन्यांच्या पावसाळ्यात १५ ते २० ग्रॅम पाणी आत येऊ शकते. दुर्लक्ष करावे इतके हे कमी नाही, पण बाटलीभर पाणी यातून येत नाही.

बाटलीभर पाणी येते ते झाकणावरून. बाहेर उघड्यावर उभ्या ठेवलेल्या बॅरलच्या वरच्या बाजूला कडा उंच असतात, त्यामुळे तिथे पावसाचे पाणी साचते. बॅरलचा व्यास सुमारे ५७ सेंटिमीटर असतो. वर फक्त एक सेंटिमीटर पाणी साचले तरी ते अडीच लिटर होते. बूच या पाण्यात बुडालेले असते. रात्री आतली हवा आकसली की हवेऐवजी हे पाणीच बुचाच्या आट्यांमधून आत ओढले जाते. बूच घट्ट लावल्याची खात्री असूनही बॅरलच्या तळाशी पाणी सापडते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

याशिवाय न धुतलेले नरसाळे, ओला कॅन, पावसात उघडे राहिलेले ट्रॅक्टरच्या टाकीचे झाकण हे मार्ग आहेतच.

जुन्या ट्रॅक्टरला चालत होते, मग आताच चिंता का?

‘आमच्या वडिलांनी चार-चार बॅरल डिझेल वर्षभर वापरले, काही झाले नाही,’ असे अनेक जण सांगतात. त्यात तथ्य आहे. पण दोन गोष्टी बदलल्या आहेत.

एक, इंजिन बदलले. जुन्या यांत्रिक पंपात डिझेल साधारण २०० बार दाबाने फवारले जाते. कॉमन रेल इंजिनात हा दाब १,६०० बारच्या घरात किंवा त्याहून जास्त असतो. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरना ‘ट्रेम-४’ हे प्रदूषण मानक लागू झाले आणि त्यानंतर या गटात कॉमन रेल तंत्र रुळले. अशा इंजेक्टरमधल्या फटी अवघ्या काही मायक्रॉनच्या असतात, तर माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. जुना पंप जो गाळ आणि जे पाणी काही काळ सोसत होता, ते नवा इंजेक्टर सोसत नाही.

दोन, डिझेल बदलले. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन मिळते. त्यात गंधकाचे प्रमाण १० पीपीएमपर्यंतच असते, आधीच्या बीएस-४ मध्ये ते ५० पीपीएमपर्यंत चालत असे. गंधक काढताना इंधनातले नैसर्गिक वंगणगुणही कमी होतात, ते भरून काढण्यासाठी कंपन्या वेगळी द्रव्ये मिसळतात. त्यामुळे डिझेलमध्ये रॉकेल किंवा पातळ द्रव मिसळला गेला तर पंप आणि नोझल कोरडे घासले जाऊन लवकर झिजतात. शिवाय २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे. बायोडिझेल पर्यावरणाच्या दृष्टीने चांगले असले तरी ते साध्या डिझेलपेक्षा जास्त पाणी धरते आणि लवकर ऑक्सिडाइज होते. मिश्रण वाढत गेले तर साठवणुकीचा काळ कमीच धरावा लागेल.

घरच्या घरी तपासणी कशी करायची?

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. काचेची एक पारदर्शक बाटली, एक लांब पारदर्शक नळी आणि १५ मिनिटे पुरेत.

१. बॅरल किमान २४ तास न हलवता ठेवा. हलवून लगेच नमुना घेतला तर काहीच कळणार नाही.

२. नमुना तळातून घ्या. वरचे डिझेल नेहमीच चांगले दिसते. नळीचे वरचे टोक अंगठ्याने बंद करून नळी तळापर्यंत सोडा, अंगठा उचला, तळातले डिझेल नळीत शिरले की पुन्हा अंगठा दाबून नळी बाहेर काढा. नळी तोंडाने अजिबात ओढू नका. कारण पुढे दिले आहे.

३. नमुना स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत घ्या आणि १५ मिनिटे स्थिर ठेवा. खाली वेगळा थर किंवा थेंब दिसले तर ते पाणी.

४. बाटलीमागे वर्तमानपत्र धरा. डिझेलमधून अक्षरे स्वच्छ वाचता आली तर ते पारदर्शक आहे. अक्षरे धूसर दिसली, दुधाळ झाक असेल तर त्यात पाण्याचे बारीक कण तरंगत आहेत.

५. बाटली गोल फिरवा. मधोमध भोवरा तयार होतो आणि जड कचरा, गंज, गाळ बुडाशी मध्यभागी गोळा होतो.

६. वास घ्या, पण बाटलीत नाक न घालता. आंबट, कुजकट किंवा सडक्या अंड्यासारखा वास जिवाणूंची खूण आहे.

७. रंग पाहा, पण शेवटी. ताजे डिझेल फिकट पिवळसर असते. साठवणुकीत ते थोडे गडद होते, तेवढ्यावरून ते टाकाऊ ठरत नाही. रंगाबरोबर गाळ किंवा वासही बदलला असेल, तरच काळजी करावी.

पाण्याबद्दल खात्रीच करायची असेल तर ‘वॉटर फाइंडिंग पेस्ट’ मिळते. पेट्रोल पंपावरही टाकीतले पाणी तपासायला हीच वापरतात. काठीच्या टोकाला ती लावून काठी तळापर्यंत बुडवायची. जिथवर पाणी असेल तिथवर पेस्टचा रंग बदलतो.

तपासणीनंतर निर्णय काय घ्यायचा?

स्वच्छ, पारदर्शक, वास नेहमीचा : बिनधास्त वापरा. सहा महिन्यांपेक्षा जुने असेल तर ताज्या डिझेलमध्ये थोडे थोडे मिसळून संपवा.

वर स्वच्छ, पण तळाशी पाणी किंवा थोडा गाळ : वरचे डिझेल वापरता येते. तळापासून पाच-सात सेंटिमीटर वर नळी ठेवून ते स्वच्छ बॅरलमध्ये काढा, २४ तास थांबा आणि पुन्हा तळाचा नमुना घ्या. फडक्याने गाळून पाणी जात नाही, फक्त मोठा कचरा अडतो. पाणी अडवणारा वॉटर सेपरेटर फिल्टर वापरावा.

सगळेच धूसर : एक-दोन दिवस सावलीत स्थिर ठेवून पुन्हा तपासा. निवळले तर वरचा नियम लागू. निवळले नाही तर ट्रॅक्टरमध्ये घालू नका.

गडद रंग, बुळबुळीत थर, कुजका वास : हे डिझेल कोणत्याही इंजिनासाठी नाही. ताज्या डिझेलमध्ये मिसळले तर ते सुधारत नाही, उलट ताजेही बिघडते. बाजारात जिवाणू मारणारी द्रव्ये मिळतात, पण मेलेला थर टाकीतच राहतो आणि तोच फिल्टरमध्ये जाऊन बसतो. आधी टाकी साफ करावी लागते.

टाकाऊ डिझेल बांधावर, नाल्यात किंवा गवत जाळण्यासाठी ओतू नये. ते जमिनीत मुरून विहिरीच्या पाण्यापर्यंत पोहोचू शकते. जुने ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत संकलकाकडे किंवा त्यांच्याशी जोडलेल्या वर्कशॉपकडे ते द्यावे.

घनतेवरून भेसळ ओळखता येते का?

येते, पण हिशेब नीट केला तर. डिझेल घेताना पंपावर त्या दिवशीची घनता लिहिलेली असते आणि हायड्रोमीटरने ती तपासून दाखवण्याची मागणी ग्राहक करू शकतो. नोंदलेल्या घनतेपेक्षा प्रतिघनमीटर तीन किलोपर्यंतचा फरक चालतो. मात्र नोंदलेली घनता १५ अंश तापमानाची असते. डिझेल तापले की दर अंशामागे घनता सुमारे ०.७ किलोने कमी होते. म्हणजे १५ अंशांना ८३० असलेले डिझेल ३५ अंशांना ८१६ दाखवेल. हा फरक तापमानाचा आहे, भेसळीचा नाही. तक्ता पाहून रूपांतर केल्याशिवाय पंपचालकाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

किती साठा ठेवायला परवाना लागत नाही?

पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार डिझेल ‘ब’ वर्गात मोडते. या वर्गातले इंधन एका ठिकाणी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि एकही भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल, तर साठ्यासाठी परवाना लागत नाही. स्वतःच्या शेतीसाठी दोन-तीन बॅरल ठेवणारा शेतकरी या मर्यादेत आरामात बसतो. मात्र ही सवलत विक्रीसाठी नाही. गावात सुटे डिझेल विकणे हा वेगळा आणि कारवाईला पात्र विषय आहे. पेट्रोल ‘अ’ वर्गात येते आणि त्याची विनापरवाना मर्यादा फक्त ३० लिटर आहे. काही प्रसंगी जिल्हा प्रशासन कॅन किंवा ड्रममधून इंधन देण्यावर तात्पुरते निर्बंध घालते, तेव्हा ते पाळावेच लागतात.

‘डिझेल पेट घेत नाही’ हे खरे का?

नाही. हा समज जिवावर बेतू शकतो. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, तो हा बिंदू. युरोपात ही किमान मर्यादा ५५ अंश आहे. म्हणजे मे महिन्यात ४२ अंश तापमानात, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेले आपले डिझेल ठिणगीने पेटू शकते. बॅरलजवळ वेल्डिंग, विडी-सिगारेट, चूल, विजेचा उघडा बोर्ड काहीही नको. रिकाम्या बॅरलवर वेल्डिंग करणे तर त्याहून धोक्याचे, कारण आत वाफ भरलेली असते. आग लागलीच तर पाणी मारू नये. कोरडी वाळू, ड्राय पावडर किंवा फोमचे अग्निशामक वापरावे.

दुसरा धोका नळी तोंडाने ओढण्याचा. डिझेलचा छोटा घोटही श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला गंभीर सूज येऊ शकते. डिझेल पोटात गेलेल्या व्यक्तीला उलटी करायला लावू नका, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात शिरू शकते. थेट दवाखाना गाठा. हातपंप काही शे रुपयांत मिळतो. थंड पेयाच्या बाटलीत डिझेल ठेवण्याची सवयही सोडावी, लहान मुले फसतात.

मग साठवण कशी करावी?

- बॅरल स्वच्छ आणि आतून कोरडे हवे. कीटकनाशक किंवा रसायनाचे जुने बॅरल चालणार नाही.
- सावलीत, छताखाली, घरापासून आणि गोठ्यापासून अंतर राखून, विटा किंवा लाकडी फळीवर ठेवा.
- बाहेर ठेवणे अटळ असेल तर बॅरल आडवे ठेवा, दोन्ही बुचे आतल्या डिझेलच्या पातळीखाली येतील असे. उभेच ठेवायचे तर थोडे तिरके करा, म्हणजे पावसाचे पाणी बुचाजवळ साचणार नाही.
- काठोकाठ भरू नका. डिझेल दर अंशामागे सुमारे ०.०८ टक्के फुगते. २०० लिटरचे डिझेल ३० अंशांनी तापले तर पाच लिटरने वाढते. तेवढी जागा हवी, त्याहून खूप जास्त नको.
- भरल्याची तारीख बॅरलवर मार्करने लिहा. आधी भरलेले आधी वापरा.
- काम संपले की ट्रॅक्टरची टाकी रात्री भरून ठेवा, रिकाम्या जागेत बाष्प कमी राहते. हंगाम संपल्यावर तर आवर्जून.
- फिल्टरखालच्या सेडिमेंट बाउलमधले पाणी हंगामात दर आठवड्याला सोडा. थोड्या दिवसांत फिल्टर दोनदा चोंदला तर तिसरा फिल्टर घेण्याआधी टाकी आणि बॅरल तपासा.

साठा किती करावा?

गरजेपुरताच. साधारण ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर रोटाव्हेटरच्या कामात तासाला चार ते सहा लिटर डिझेल पितो. रोज सहा तास, दहा दिवस काम धरले तर सुमारे ३०० लिटर, म्हणजे दीड बॅरल पुरते. भाव वाढतील म्हणून वर्षाचा साठा करणाऱ्याची लिटरमागे दोन-तीन रुपयांची बचत एका खराब इंजेक्टरच्या दुरुस्तीत निघून जाते. आणि पेरणीच्या दिवसांत गॅरेजवर रांग असते, हे वेगळेच.

मान्सून येण्याआधी बी-बियाणे आणि खताबरोबर बॅरलच्या तळाचा एक नमुनाही पाहून घ्यावा. त्यात पाणी दिसले तर ते काढायला तेव्हा हाताशी वेळ असतो. वाफसा आल्यावर तो नसतो.